हंगामाच्या आरंभीचा उतारा

खेळाडूविषयी मत देण्याची घाई ही आता एक वाङ्मयीन प्रवृत्ती म्हणूनच अभ्यासावी, अशा थराला आली आहे. स्पर्धा सुरू होऊन दोन आठवडे झालेले नसतात, तोच 'गवसला', 'संपला', 'पुनर्जन्म', 'अस्त' अशा शब्दांची रेलचेल सुरू होते. आम्ही भाषेचे अध्यापक. मैदानावरचे तंत्र आम्हांला बेताचेच कळते. परंतु निवाड्याची भाषा हा आमच्या व्यवसायाचा विषय आहे, आणि थोडक्या पुराव्यावर केवढे विधान उभे केले आहे हे तपासणे हे तर समीक्षेचे पहिले काम. म्हणून क्रीडापानावरील या सवयीविषयी येथे लिहीत आहोत. तीच सवय आपल्या वर्गांत आणि ग्रंथपरीक्षणांत कशी वावरते, हेही ओघाने येईल.

प्रथम 'संपला' या शब्दाकडेच पाहावे. मराठीत भूतकाळाचे रूप नेहमी भूतकाळच सांगते असे नाही. दारातून 'आलोच' म्हणणारा अजून आलेला नसतो आणि 'मेलो' म्हणून ओरडणारा चांगला धडधाकट असतो. जे घडणार याची बोलणाऱ्याला खात्री वाटते, ते तो घडून गेल्यासारखे सांगतो. 'अमुक आता संपला' हे वाक्य याच जातीचे. ते वृत्तान्ताचा वेष घेऊन येते, पण असते भाकीत. वृत्तान्त खोटा ठरला तर सांगणाऱ्याला जाब विचारता येतो; भाकितकर्त्याला तो बहुधा कोणी विचारत नाही, कारण तोवर पुढचा हंगाम आलेला असतो.

हंगाम हा शब्द आमच्या कोपरगावात क्रिकेटआधी उसाचा आहे. तालुक्यात कोळपेवाडीला आणि सहजानंदनगरला साखर कारखाने आहेत, आणि गळीत हंगामाच्या बातम्या येथे क्रीडावृत्तापेक्षा अधिक बारकाईने वाचल्या जातात. कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर पहिल्या पंधरवड्यात साखरेचा उतारा कमीच पडतो. थंडी पडू लागली की उसात साखर भरते, उतारा डिसेंबरपासून चढत जातो, आणि उन्हाचा चटका लागल्यावर पुन्हा उतरतो. हे येथील शाळकरी पोराला ठाऊक असते. म्हणून पहिल्या आठवड्याच्या उताऱ्यावरून 'या वर्षी कारखाना बसला' असे विधान गावच्या पारावर कोणी केले, तर त्याला हसतील. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने हा नुसता गप्पांचा विषय नाही. शेतकऱ्याच्या घरातला पैसा त्यावर ठरतो, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, हिशेबाला धरला जातो तो संपूर्ण हंगामाचा सरासरी उतारा. जेथे स्वतःचे नुकसान होण्याची शक्यता असते तेथे माणसे धीर धरतात. खेळाडूविषयी बोलताना नुकसान त्याचे असते, आपले नव्हे. घाईचे एक कारण हे असावे.

अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, त्यात 'टाइट एंड' नावाची एक जागा आहे. आपल्याकडे त्या खेळाची ओळख नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. हा खेळाडू धिप्पाड रक्षकांच्या रांगेच्या टोकाला उभा राहतो. कधी त्याने पुढे धावून चेंडू झेलायचा, तर कधी प्रतिपक्षाच्या खेळाडूला अंगावर घेऊन आपल्या सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करायची. पहिल्या कामाची मोजदाद होते: किती झेल, किती यार्ड, किती टचडाउन. दुसऱ्या कामाचा त्या ठळक आकड्यांत मागमूस नसतो. एखाद्या सामन्यात त्याने एकच चेंडू झेलला असेल, तर तो निष्प्रभ ठरला, की संघाने त्याला दिवसभर वाट मोकळी करण्याच्या कामावर लावले होते, हे आकड्यांवरून कळत नाही. त्यातच एका संघाचे साखळीतले सामने सतरा. पहिले तीन-चार सामने म्हणजे किती अल्प पुरावा!

ट्रॅव्हिस केल्सी हा कॅन्सस सिटी चीफ्सचा या जागेवरचा नामवंत खेळाडू. २०२४च्या हंगामात त्याच्या पहिल्या तीन सामन्यांची बेरीज होती आठ झेल आणि ६९ यार्ड. तो पस्तिशीला टेकलेला होता, तेव्हा 'संपला'ची इंग्रजी रूपे लगेच बाहेर आली. त्याचा संघ ते तिन्ही सामने जिंकला होता, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. प्रतिस्पर्धी त्याच्यावर दोन-दोन माणसे लावत असतील, तर इतरांना मोकळीक मिळते, हेही त्या गदारोळात बाजूला पडले. हंगामाअखेर त्याच्या नावावर ९७ झेल लागले. आदल्या वर्षीच्या ९३हून अधिक. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला.

येथे थांबून 'पाहा, घाई करणारे कसे तोंडघशी पडले' असे म्हणता आले असते. पण यार्डांचा आकडा तसे म्हणू देत नाही. ९७ झेलांतून त्याला मिळाले ८२३ यार्ड, म्हणजे झेलामागे साडेआठ; आदल्या वर्षी ९३ झेलांतून ९८४, म्हणजे झेलामागे साडेदहा. चेंडू हाती येत राहिला, पण हाती आल्यानंतरची धाव आखडली होती. आरंभीच्या तीन सामन्यांत ज्यांना काहीतरी मंदावल्यासारखे दिसले त्यांचे डोळे खोटे नव्हते, त्यांचे क्रियापद खोटे होते. आमच्या मते हा भेद महत्त्वाचा आहे. आरंभीच्या कामगिरीतून काहीच कळत नाही, ही भूमिकाही तितकीच आळशी आहे. निरीक्षण न करण्याला ती तत्त्वज्ञानाचे नाव देते.

आता घराजवळ येऊ. अजिंक्य रहाणे याचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला, संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, ६ जून १९८८चा, वाढला डोंबिवलीत. मार्च २०१३ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला. धावा ७ आणि १. अनेक मालिका राखीव म्हणून बाकावर काढल्यानंतरचे हे पदार्पण. त्या दोन आकड्यांवर निवाडा झाला असता, तर त्याच वर्षअखेर डर्बनमध्ये डेल स्टेन आणि मॉर्ने मॉर्केल यांच्यासमोरचे नाबाद ५१ आणि ९६ कोठून आले असते? मग फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला ११८, आणि जुलैत लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर १०३.

आमच्या विषयाच्या दृष्टीने रहाणेचे २०२३ साल तर पाठ्यपुस्तकात लावावे असे आहे. जानेवारी २०२२च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यानंतर तो कसोटी संघाबाहेर होता. आयपीएलमध्ये चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीला घेतले. ८ एप्रिलला वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याने २७ चेंडूंत ६१ धावा काढल्या. त्यानंतरचे डाव ३१, ३७, ९, आणि २३ एप्रिलला ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. पाच डावांत १०५ चेंडू, २०९ धावा. स्ट्राइक रेट १९९. दोनच दिवसांनी, २५ एप्रिलला, जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठीच्या भारतीय संघात त्याचे नाव आले. पुनर्जन्माचे लेख तयारच होते.

पुढचे आकडे मात्र त्या लेखांत येण्याजोगे नव्हते. संपूर्ण स्पर्धेत त्याने १८९ चेंडूंत ३२६ धावा केल्या. वजाबाकी केली, तर पहिल्या पाच डावांनंतरच्या सर्व डावांत मिळून ८४ चेंडूंत ११७ धावा उरतात. स्ट्राइक रेट १३९. म्हणजे १९९चा फलंदाज जन्मला आणि महिन्याभरात १३९चा झाला? तसे काही झाले नाही. फार उंच आईबापांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत, हे फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये मोजून दाखवले होते. टोकाच्या निरीक्षणानंतरचे निरीक्षण सरासरीकडे झुकते, एवढाच त्याचा अर्थ. पुढल्या वर्षी, २०२४ मध्ये, त्याच स्पर्धेत रहाणेचा स्ट्राइक रेट १२३वर आला. तेव्हा लोक म्हणाले, तो बदललाच नव्हता. मग त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्याने सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत १६४च्या गतीने ४६९ धावा काढल्या, मुंबईने करंडक जिंकला आणि स्पर्धावीराचा मान त्याला मिळाला. 'बदलला' आणि 'बदललाच नव्हता' यांपैकी एक निवडायचा हट्ट धरला, तर हा खेळाडू हाती लागत नाही.

या सगळ्यांत एक गंमत आहे. रहाणेला कसोटीसाठी परत बोलावणे हे आमच्या मते योग्यच होते. पण त्यासाठी चर्चेत जो पुरावा दिला गेला, तो अयोग्य होता. श्रेयस अय्यर पाठीच्या दुखापतीमुळे बाहेर असल्याने मधल्या फळीत जागा झाली होती. आणि २०२२-२३च्या रणजी हंगामात रहाणेने सात सामन्यांत ५७हून अधिक सरासरीने ६३४ धावा केल्या होत्या. त्यांत हैदराबादविरुद्धचे द्विशतक होते, आसामविरुद्धचे १९१ होते. चार दिवसांचे सामने, लाल चेंडू, पूर्ण हंगाम: कसोटीसाठी प्रमाण मानावे असे जे काही होते ते येथे होते. पण हिवाळ्यातल्या त्या धावा रिकाम्या मैदानांत निघाल्या होत्या आणि एप्रिलमधले षटकार दिव्यांच्या झगमगाटात. समीक्षेत आपण ज्याला निकषांची सरमिसळ म्हणतो, तीच ही. कादंबरी निवडायची आणि कारण द्यायचे ते लेखकाच्या चुटक्यांचे.

ओव्हलवरच्या त्या अंतिम सामन्यात, जून २०२३ मध्ये, भारताची स्थिती ४ बाद ७१ अशी असताना तो टिकला, बोटावर चेंडू बसूनही खेळत राहिला, आणि ८९ धावा करून डावातला सर्वाधिक धावांचा मानकरी झाला. दुसऱ्या डावात ४६. भारत हरला २०९ धावांनी. (एप्रिलमध्ये ज्या आकड्याचा उदोउदो झाला, नेमका तोच आकडा; योगायोगाला काही अर्थ नसतो हे ठाऊक असूनही आम्ही त्याकडे दोनदा पाहिले.) पुढच्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर तो उपकर्णधार होता. दोन कसोट्यांत त्याला दोनच डाव मिळाले, धावा ३ आणि ८. त्यानंतर तो भारताकडून कसोटी खेळलेला नाही. ८५ कसोट्या, ५०७७ धावा, १२ शतके, येथे हिशेब थांबला.

निवडसमितीने त्याला वगळले हा अन्याय होता काय? आम्ही तसे म्हणणार नाही. तो पस्तिशी ओलांडलेला होता, राहुल आणि अय्यर बरे होऊन परतले होते, अजिंक्यपदाची नवी फेरी सुरू होत होती. संघ निवडणाऱ्याला वाट पाहण्याची चैन परवडत नाही. त्याला शनिवारी अकरा नावे द्यायचीच असतात, आणि तीही हातातल्या तुटपुंज्या पुराव्यावर. हा निर्णय झाला. 'हा खेळाडू असा आहे' हे ठरवणे म्हणजे निवाडा. निर्णयाला मुदत असते, निवाड्याला नसते. घोटाळा होतो तो निर्णय घेऊन झाल्यावर त्याच्या शोभेसाठी आपण निवाडा रचतो तेव्हा. ३ आणि ८ या आकड्यांनंतर ओव्हलची खेळी 'अपवाद' म्हणून मागे सारली गेली, आणि डिसेंबर २०२०चे मेलबर्नही आठवणींच्या पेटीत गेले. ॲडलेडला ३६ धावांत डाव आटोपलेल्या संघाचे नेतृत्व हाती घेऊन त्याने तेथे ११२ धावा केल्या होत्या. दोन डावांनी दहा वर्षांचा अर्थ बदलला.

शिवाय त्याच्या खेळाचा एक भाग फलंदाजीच्या तक्त्यात कधी आलाच नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये गॉलला श्रीलंकेविरुद्ध एकाच कसोटीत त्याने आठ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूचा हा विक्रम. कारकिर्दीत १०२ झेल. स्लिपमध्ये उभ्या माणसाचे काम टाइट एंडच्या दुसऱ्या कामासारखे आहे: नीट झाले तर धावफलकावर गोलंदाजाचे नाव ठळक दिसते.

कबड्डीत तर हे अधिकच उघड आहे, आणि कबड्डी आमच्या भागाचा खेळ. चढाईपटूचे गुण सर्वांच्या तोंडी असतात. पकडीचा गुण साधारणतः पकड सुरू करणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा कोपरारक्षकाच्या, नावे लागतो. पण कोपरारक्षकाने पाय धरल्यावर चढाईपटूची मधल्या रेषेकडची झेप अंगावर घेऊन थोपवणारा जो मध्यरक्षक असतो, त्याच्या रकान्यात त्या चढाईपुरते शून्यच राहू शकते. प्रो कबड्डीच्या पहिल्या चार-सहा सामन्यांनंतर गुणतक्ते छापून येतात, त्यांत असा मध्यरक्षक तळाशी असतो. त्याच्यामुळे कोपरारक्षक किती निर्धास्तपणे झेपावू शकला, हे तक्ता सांगत नाही. ते मैदानाकडे पाहणाऱ्यालाच दिसते.

साहित्याच्या इतिहासातून याची उदाहरणे देण्याची गरज वाचकांना नसावी, तरी दोन देतो, कारण ती परस्परविरुद्ध दिशांची आहेत. मर्ढेकरांचा 'शिशिरागम' १९३९चा. त्यावर रविकिरण मंडळाच्या काळातील रोमँटिक वळणाची छाप स्पष्ट आहे. तेवढ्यावर लेखणी खाली ठेवणाऱ्या परीक्षकाने त्यांना एक नेटका भावकवी म्हणून नोंदवले असते आणि तो वाजवीही ठरला असता. १९४७ साली 'काही कविता' आली आणि मराठी कवितेची भाषाच हलली. 'शिशिरागम' वाईट वाचला गेला असे नव्हे. त्यातून पुढचे दिसणे शक्यच नव्हते. याउलट नेमाडे. 'कोसला' १९६३ची, लेखक पंचविशीतला. हा ६१ चेंडूंत शतक ठोकून केलेला आरंभ. पुढची 'बिढार' यायला १९७५ उजाडले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कादंबरीला, अगदी २०१०च्या 'हिंदू'लाही, 'कोसला'च्या फूटपट्टीला सामोरे जावे लागले. यशस्वी आरंभ लेखकाचे जेवढे भले करतो तेवढेच नुकसान करतो, हे आपण समीक्षेत फार थोड्या वेळा बोलतो. पहिल्या पुस्तकाच्या पुरस्कारांची आपल्याकडे कमी नाही. दुसऱ्या पुस्तकाकडे तितक्या उत्सुकतेने वळणारे परीक्षक मात्र थोडे.

आणि आपले वर्ग? वार्षिक परीक्षेच्या काळात विद्यार्थ्याला पोक्त व्हायला वर्ष मिळत असे. सत्रपद्धती आली आणि प्रत्येक हंगामच आरंभीचा हंगाम झाला. प्रथम वर्षाला वाड्या-वस्त्यांवरून येणारी मुले-मुली सोयाबीनच्या सोंगणीत आणि कांद्याच्या लागणीत अडकलेली असतात, आणि नेमके तेव्हाच अंतर्गत मूल्यमापनाची पहिली चाचणी येते. दहा गुणांच्या त्या चाचणीत तीन गुण मिळवणाऱ्या मुलीविषयी अध्यापक-कक्षात जे बोलले जाते, ते आपण सर्वांनी ऐकले आहे: 'तिला कवितेतले काही कळत नाही.' पुरावा काय, तर न पाहिलेल्या कवितेवरचे एक उत्तर. त्या उत्तरात तिने कवितेतल्या एका शब्दाचा गावाकडचा अर्थ बरोबर पकडलेला असतो, परंतु 'प्रतिमा', 'अनुभूती' ही नाणी वापरलेली नसतात. गुणपत्रिकेला ते दिसत नाही. तीन गुण देणे हा निर्णय आहे, कदाचित योग्यही. पुढचे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या तीन गुणांनी कोणालाही दिलेला नाही. या वाक्याचे परिणाम खेळाडूवरील लेखाहून गंभीर होतात. रहाणेला पुढचा रणजी हंगाम होता. वक्तृत्वाला, नाटकाला, विशेष स्तरावर मराठी घेण्याला जिचे नाव कोणी सुचवलेच नाही, तिच्या हाती दुसरा डाव येत नाही, आणि मग तिने काही केले नाही हेच मूळ मताचे प्रमाण ठरते.

मग आरंभी पाहायचे तरी काय? आमचे उत्तर साधे आहे. फळ थोडे असते तेव्हा रीत पाहावी. टाइट एंडने किती झेलले यापेक्षा तो योग्य क्षणी योग्य जागी पोहोचत होता का. फलंदाजाने किती केल्या यापेक्षा चेंडूखाली त्याचे डोके स्थिर होते का. विद्यार्थिनीने कोणती संज्ञा वापरली यापेक्षा तिने कविता पुन्हा वाचली होती का. रीत पाहण्याला वेळ आणि नजर लागते, आकडे वाचण्याला फक्त अक्षरओळख. आणि जे विधान करायचे ते वर्तमानकाळात करावे: 'पाच डावांत असे खेळला आहे.' एवढ्याने लेख लहान होईल, हे खरे.

रहाणेने ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईचे कर्णधारपद सोडले. ऑक्टोबरात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने रणजी स्पर्धेत छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा केल्या, आणि त्याला कसोटीत परत घ्यावे की नाही याची चर्चा पुन्हा सुरू झाली. मुंबईचा तो हंगामातला दुसरा सामना होता.